नाव घ्या!

रॅप करणारा पोरगा दर चार ओळींनी स्वतःचं नाव घेतो. कुठला, कुठल्या गल्लीतला, कुणाच्या गँगमधला, तेही सांगून मोकळा होतो. माझ्या वयाच्या मंडळींना हा माज वाटतो. मला वाटत नाही, कारण आम्ही लहानाचे मोठे झालो ते गोव्यातल्या चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आरत्यांत. घुमट हे मातीच्या मडक्याचं वाद्य, त्याच्या जोडीचं शामेळ आणि कासाळं म्हणजे झांजा, यांच्या दणदणाटात शेवटचं कडवं आलं की कुणी ना कुणी नाव सांगणारच: नामा म्हणे, तुका म्हणे, दास रामाचा वाट पाहे सदना. संतांनी केलं की नाममुद्रा आणि रॅपवाल्याने केलं की उद्धटपणा, हा कुठला न्याय?

गौहर जान तर १९०२ साली ग्रामोफोनच्या कर्ण्यात गाणं संपवून लगेच ओरडायची, ‘माय नेम इज गौहर जान!’ त्यात मिरवणं कमी, सोय जास्त. तबकड्या छापून निघायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिराला गाणारी कोण ते कळून मधल्या गोल कागदावर बरोबर नाव छापता यावं म्हणून ही हाक. त्या कागदाला लेबल म्हणतात, आणि पुढे कंपनीलाही लेबलच म्हणू लागले.

नावाची खरी गंमत झाली ती हिप-हॉपच्या, म्हणजे रॅपवाल्यांच्या संगीताच्या, पहिल्या मोठ्या लेबलवर. सिल्व्हिया रॉबिन्सन ही स्वतः गायिका. तिने नवऱ्याबरोबर १९७९ मध्ये न्यू जर्सीतल्या एंगलवूडला ‘शुगर हिल रेकॉर्ड्स’ काढलं. तेव्हा रॅप होता तो न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या पार्ट्यांत. तबकड्या फिरवायची दोन टर्नटेबल, एक माइक आणि रात्र सरेपर्यंत चालणारी यमकं. हे तबकडीवर मावेल असं तिथल्या कुणाच्या मनातही नव्हतं. आमच्या भजनाच्या पारासारखंच ते. बसलात तर कळणार, घरी नेता येणार नाही. सिल्व्हियाला मात्र त्यात धंदा दिसला. गोष्ट अशी सांगतात, की पिझ्झाच्या दुकानात काम करता करता यमकं म्हणणारा एक धिप्पाड पोरगा तिला सापडला. त्याची परीक्षा झाली दुकानाबाहेर, गाडीत बसून. हा बिग बँक हँक. आणखी दोघे मिळाले, वंडर माइक आणि मास्टर जी. झाली शुगरहिल गँग! ‘शिक’ या बँडच्या गाजत असलेल्या ‘गुड टाइम्स’ची चाल वादकांकडून वाजवून घेतली आणि त्यावर जवळजवळ पंधरा मिनिटांचं ‘रॅपर्स डिलाइट’ रेकॉर्ड झालं. गाणं जगभर वाजलं. ‘शिक’वाल्यांनी कोर्टाची भाषा केल्यावर त्यांचीही नावं गीतकारांत आली.

ज्याचं यायला हवं होतं त्याचं मात्र आलंच नाही. हँकच्या तोंडच्या बऱ्याच ओळी ग्रँडमास्टर कॅझ या ब्राँक्सच्या रॅपरच्या. हँकने त्याची वही मागून घेतली होती. कॅझचं तेव्हाचं नाव कॅसानोव्हा फ्लाय, आणि पठ्ठ्या हँक गाण्यात एकेक अक्षर सुटं करून ‘कॅसानोव्हा’ म्हणतो! उसन्या वहीतली सहीसुद्धा त्याने वाचून दाखवली.

मला इथे तुकोबांच्या काळातला सालोमालो आठवतो. तुकोबांचे अभंग घेऊन त्यांत स्वतःची मुद्रा घुसडायचा, असं त्याच्याबद्दल सांगतात. त्या बिचाऱ्याने निदान नाव बदलण्याचे तरी कष्ट घेतले. आमच्याकडे उलटा उद्योगही भरपूर झाला म्हणा. स्वतः रचायचं आणि खाली ‘तुका म्हणे’ ठोकून द्यायचं. अभ्यासक अजून निवडत बसलेत.

शुगर हिलवर राग धरावा, तर १९८२ मध्ये त्याच कंपनीने ‘द मेसेज’ काढलं. तोवर रॅप म्हणजे बहुतेक बढाया आणि नाचगाणी. या गाण्याने पडक्या वस्तीतलं जगणं सांगितलं, आणि पुढे मुंबईच्या धारावीपासून गोव्यातल्या डिचोलीपर्यंत कुणालाही आपल्या वाड्यावरचं गाऱ्हाणं यमकात मांडायची सोय झाली. लेबल स्वतः मात्र ऐंशीच्या दशकातच बंद पडलं. तोवर न्यूयॉर्कमध्ये रिक रुबिन नावाच्या विद्यार्थ्याने हॉस्टेलच्या खोलीतून ‘डेफ जॅम’ हे लेबल चालू केलं होतं, आणि १९८४ मध्ये रसेल सिमन्स त्याला येऊन मिळाला. पुढचं सगळं मोठ्या कंपन्यांचं राजकारण, त्यात मला फारसा रस नाही. शुगर हिलचं शेपूट मात्र लांबलं. गँगमधल्या माइक आणि जी यांना पुढे स्वतःच्याच नावांसाठी रॉबिन्सन कुटुंबाशी भांडावं लागलं, कारण नावांचे ट्रेडमार्क त्यांच्याकडे. विठोबाने तुकोबांवर असला दावा लावल्याचं ऐकिवात नाही.

आपल्याकडे मुंबईचा रॅपर डिव्हाइन याने २०१९ मध्ये ‘गली गँग’ हे लेबल काढलं. गोव्याचा रॅपर त्सुम्योकी त्यांच्याबरोबर गाणी काढू लागला आणि आमच्या भाच्याच्या अंगात वारं शिरलं. खोलीच्या भिंतीला गादी उभी टेकवायची, माइकवर आईचा जुना मोजा चढवायचा, पंखा बंद करायचा आणि घामाघूम होत रेकॉर्डिंग. शामेळ तो लहानपणापासून वाजवतो, त्यामुळे ताल पक्का. घुमटाचा एक ठोका कापून त्याने बीटमध्ये असा बसवलाय, की ऐकताना माझे हात आपोआप कासाळं शोधतात.

परवा तो कुठल्याशा छोट्या लेबलचा करार घेऊन आला. ‘वाच रे मामा, तू हापिसात असलेच कागद वाचायचास.’ मी वाचला. पैशांची कलमं समजली. एक कलम होतं स्टेजवरच्या नावाचं. नाव कंपनीच्या मालकीचं, करार संपला तरी. मी त्याला माइक आणि जीची गोष्ट सांगितली, कॅझची सांगितली आणि ओघात सालोमालोचीही.

‘मग तुकारामाने त्याच्यावर डिस ट्रॅक काढला काय, त्याचे वाभाडे काढणारं गाणं?’

‘काढला तर! अभंगात चक्क नाव घेऊन काढला.’

भाचा थोडा वेळ गप्प. मग मोबाइल उघडून काहीतरी टाइप करायला लागला.

‘सालोमालो,’ तो म्हणाला. ‘भारी नाव आहे रे मामा. कुणी घेतलंय काय बघतो.’