एक स्पेस आणि अख्खा बिल्ड आडवा

आज दिवसभर बिल्ड स्क्रिप्टशी (कोडपासून प्रोग्राम तयार करणाऱ्या कमांड्सची फाइल) झटापट. कोणीतरी फोल्डरच्या नावात स्पेस टाकली आणि कंपायलर ओरडायला लागला की अशी फाइलच नाही, आणि खरंच नव्हती ना, कारण शेलने (कमांड्स चालवणारा प्रोग्राम) एका पाथचे, म्हणजे फाइलच्या पत्त्याचे, दोन तुकडे करून कंपायलरच्या हातात दोन वेगळी आर्ग्युमेंट्स दिली होती. बॅश या शेलमध्ये व्हेरिएबल कोट्सशिवाय वापरलं की स्पेस, टॅब, न्यूलाइन दिसेल तिथे तो कापतो, वर स्टार वगैरे असेल तर तोही जुळणाऱ्या फाइल्सच्या नावांत उलगडतो. बरं कोट्स लावले तर सगळी यादीच मिळून एक लांबलचक आर्ग्युमेंट होते, म्हणजे इकडे आड तिकडे विहीर!

शेवटी फाइल्सची यादी स्ट्रिंगमधून काढून प्रत्येक नाव वेगळं ठेवणाऱ्या अ‍ॅरेत टाकली आणि अ‍ॅरे कोट्समध्ये उलगडला, की प्रत्येक पाथ अख्खा जातो. फाइल्स शोधणाऱ्या फाइंडच्या आउटपुटला प्रिंट-झीरो आणि ती नावं पुढच्या कमांडला देणाऱ्या एक्सआर्ग्जला डॅश-झीरो, म्हणजे नावं नलने (शून्य किमतीचं कॅरेक्टर) वेगळी होतात, कारण युनिक्समध्ये फाइलच्या नावात स्लॅश आणि नल सोडून काहीही चालतं, अगदी न्यूलाइनसुद्धा (कोण ठेवतं अशी नावं देव जाणे). हे दोन्ही ऑप्शन पॉझिक्समध्ये (युनिक्ससारख्या सिस्टिम्सचं मानक) अधिकृतपणे आले २०२४ मध्ये, इतकी वर्षं काय करत होते काय माहीत.

झेडशेल हा दुसरा शेल मुळात असं कापतच नाही, म्हणून एकाच्या मशीनवर चालतं आणि सर्व्हरवर फुटतं.

मेकफाइलचं (मेक या बिल्ड टूलची सूचनांची फाइल) मात्र काही खरं नाही, मेकला यादी म्हणजे स्पेसने तोडलेले शब्दच कळतात, तिथे फोल्डरचं नाव बदलायला लावलं सरळ.