आवाज आला, पण कुठून?

माझा डावा कान ऐकत नाही असे सांगितले की समोरचा माणूस हमखास आवाज चढवतो. वास्तविक मला मोठ्याने बोललेले नको असते, उजवीकडून बोललेले हवे असते. शांत खोलीत समोरासमोर बसल्यावर माझे काहीच अडत नाही, आणि त्यामुळेच चारचौघांत मी उत्तर दिले नाही की मला शिष्ट समजले जाते.

एक कान गेला म्हणजे ऐकणे निम्मे होते, असा लोकांचा समज असतो. खरे तर जातो तो आवाजाचा ठावठिकाणा. एका बाजूचा आवाज दुसऱ्या कानाला एका मिलिसेकंदाहूनही कमी उशिराने पोहोचतो आणि एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ताडतो. हे गणित मांडायला दोन कान लागतात. घरात फोन वाजला की मी तो प्रत्येक खोलीत शोधतो, आणि रस्त्यात कोणी हाक मारली की स्वतःभोवती गिरकी घेतो. शिवाय उंच पट्टीच्या ध्वनींना डोकेच आडवे येते. ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने त्याच पट्टीत असल्यामुळे डावीकडच्या माणसाचे स्वर ऐकू येतात, पण शब्द निसटतात. (उजवी कुशी उशीला टेकवली की जग बंद होते, हा त्यातला निखळ फायदा, गजराचे तेवढे पाहावे लागते.)

कानात थोडे ऐकू येणे शिल्लक असेल, तर साधे श्रवणयंत्र पुरते. माझ्यासारख्या पार गेलेल्या कानाला नुसता आवाज वाढवून उपयोग नसतो. अशांसाठी १९६० च्या दशकात ‘क्रॉस’ पद्धत आली: बहिऱ्या कानावरचा मायक्रोफोन तिकडचे बोलणे टिपून चांगल्या कानातल्या यंत्राकडे पाठवतो. डावीकडे बोलणारा आणि उजवीकडे गोंगाट असेल तेव्हा ते उत्तम चालते. परिस्थिती उलटी झाली की मात्र तेच यंत्र डावीकडचा गोंगाट इमानेइतबारे चांगल्या कानात आणून ओतते. हाडांतून ध्वनी नेणारे यंत्र कवटीच्या कंपनांवाटे आवाज पलीकडच्या कानापर्यंत पोहोचवते, आणि ते शस्त्रक्रियेने कवटीत बसवण्याआधी डोक्याच्या पट्ट्यावर लावून पाहता येते. या दोन्हींत ऐकणारा कान शेवटी एकच राहतो, त्यामुळे दिशा काही परत मिळत नाही. ती थोडीफार मिळते शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायच्या कॉक्लिअर इम्प्लांटने, कारण ते बहिऱ्या कानाच्या नसेलाच विद्युत संकेत देते. अमेरिकेत एका कानाच्या बहिरेपणासाठी त्याला २०१९ मध्ये मान्यता मिळाली. त्यासाठी नस शाबूत असावी लागते, सुरुवातीचे यांत्रिक आवाज ओळखीचे होईपर्यंत महिनोन्‌महिने सराव करावा लागतो, आणि कान फार जुना बहिरा असेल तर लाभ कमी होण्याचा संभव असतो. एक गोष्ट मात्र यंत्रनिवडीच्याही आधीची: कान अचानक गेला असेल, तर ‘मळ असेल’ म्हणून थांबू नये. स्टेरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांतच अधिक उपयोगी पडतात.

चाचणीच्या शांत खोलीत प्रत्येक यंत्र शहाण्यासारखे वागते, म्हणून काही आठवडे ते घरी वापरून पाहण्याची मुभा श्रवणतज्ज्ञाकडे मागावी आणि ते भरल्या पंगतीत न्यावे. माझ्यापुरते सांगायचे, तर यंत्र असो वा नसो, मी डावीकडे भिंत घेऊन बसतो आणि बाकी सगळ्यांना उजवीकडे ठेवतो.