तुम्ही विचारलंत म्हणून: फ्रेंच फुटबॉलमध्ये पीएसजी सोडून आहे काय?

आमच्या कोल्हापूरच्या घरात दाराशेजारच्या खुंटीला एक मफलर लटकलेला असतो. निळा आणि नारिंगी. नवा पाहुणा आला की पहिला प्रश्न ठरलेला, "कुठल्या तालमीचा हो?" कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे तालीम आणि पेठ, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. फ्रान्समधल्या मोंपेलिएचा आहे म्हटलं की दुसरा प्रश्न येतो. शेजारचा बारावीतला पोरगा विचारतो, ऑफिसातले विचारतात, एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात मशीन घातलेलं असताना विचारलं: "फ्रेंच लीगमध्ये पीएसजी सोडून बघण्यासारखं आहे तरी काय?"

(पीएसजी म्हणजे पॅरिस सें-जर्मां, पॅरिसचा क्लब.) तेव्हा नुसतंच आ करून पडून राहिलो. आज तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. जरा लांबेल.

2011 च्या सप्टेंबरात शेतीच्या पाण्यावरचा एक कोर्स करायला मी मोंपेलिएला गेलो. (आपल्याकडं मॉन्टपेलियर म्हणतात. मीही म्हणायचो, पहिल्या आठवड्यातच लोकांनी मोडून काढलं.) तिथली एक नंबरची ट्राम निळी, तिच्यावर पांढऱ्या पाकोळ्या रंगवलेल्या. ती विद्यापीठावरून जाते आणि एका टोकाला ला पायाद वस्तीत जाऊन थांबते. उंचच उंच इमारती, दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, अरबी पाट्यांची दुकानं, आणि त्याच वस्तीला लागून मोसोंचं स्टेडियम. शहराचा क्लब असला तरी जुने लोक त्याला अजून 'ला पायाद' म्हणूनच हाक मारतात. क्लबला पेठेच्या नावानं हाक मारणारी माणसं भेटली आणि माझं निम्मं परकेपण तिथंच गळालं.

वस्तीत एक मोरोक्कन किराणा दुकानदार होता. तांदूळ स्वस्त मिळायचा म्हणून मी जायला लागलो आणि फुटबॉलमुळं जातच राहिलो. कोथिंबिरीच्या जुड्या, खजुराचे खोके, आणि थंड पेयांच्या फ्रिजवर ठेवलेला एक छोटा टीव्ही. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू झाला की चित्र थरथरायचं. निम्मा सीझन मी त्या टीव्हीवर बघितला.

त्या वर्षी फ्रेंच फुटबॉलमध्ये एकच चर्चा होती, पॅरिसची. 2011 च्या उन्हाळ्यात कतारच्या गुंतवणूकदारांनी पीएसजी विकत घेतला आणि पास्तोरे नावाच्या अर्जेंटिनाच्या एका पोरासाठी 4 कोटी 20 लाख युरो मोजले. मोंपेलिएचं अख्ख्या वर्षाचं बजेट त्याहून कमी होतं. डिसेंबरात पीएसजी टेबलात पहिल्या नंबरवर असताना त्यांनी कोच कोंबुआरेला नारळ दिला आणि कार्लो आन्चेलोत्तीला आणलं. वर्गात पहिल्या आलेल्या पोराला शाळेतनं काढलं, अशातली गत. आमचा दुकानदार महिनाभर त्यावर हसत होता.

आणि मोंपेलिए? आदल्या वर्षी 14 वा नंबर. 2009 पर्यंत तर दुसऱ्याच श्रेणीत. मालक लुई निकोलाँ. कचरा उचलण्याच्या ठेक्यांचा मोठा धंदा, अवाढव्य देह, आणि तोंड असं की टीव्हीवाले माइक धरताना दोनदा विचार करत असावेत. 1974 मध्ये त्यानं हा क्लब उभा केला, दोन-दोनदा खाली घसरला तरी सोडला नाही. वस्तीत त्याला 'लुलू' म्हणायचे. पण त्याला देवपण द्यायला मी तयार नाही. 2009 मध्ये ओसेर क्लबच्या एका खेळाडूला त्यानं समलिंगींचा अपमान करणारी शिवी हासडली होती आणि लीगनं त्याच्यावर बंदी घातली होती. लोक हा किस्सा हसत सांगायचे. मला हसू यायचं नाही. ओसेर हे नाव मात्र लक्षात ठेवा.

'गरिबांनी श्रीमंतांना हरवलं' अशी ही गोष्ट अनेक जण सांगतात. मला ती पटत नाही. निकोलाँ काही गरीब नव्हता. खरी गोष्ट घरच्या पोरांची होती. 2009 मध्ये क्लबच्या ज्युनिअर पोरांनी गांबार्देला कप, म्हणजे फ्रान्समधला पोरांचा राष्ट्रीय कप, जिंकला होता. त्यातले बेलांदा, काबेला, स्तांबूली आता मोठ्या संघात होते. कॅप्टन यांगा-म्बिवाही तिथंच वाढलेला. गोलकीपर जूर्द्रेंही. त्यांच्यामध्ये 34 वर्षांचा ब्राझिलियन डिफेंडर हिल्टन, मार्से क्लबनं सोडून दिलेला. हा हिल्टन पुढं 2021 पर्यंत, वयाच्या 43 व्या वर्षापर्यंत, तिथं खेळत राहिला. आणि आघाडीला ऑलिव्हिए जिरू. दोन वर्षांपूर्वी तो दुसऱ्या श्रेणीत तूर नावाच्या क्लबकडून 21 गोल मारत होता. या सीझनमध्येही बरोबर 21. पीएसजीच्या नेनेचेही 21 झाले, पण पेनल्टीशिवायचे गोल जिरूचे जास्त, म्हणून सर्वाधिक गोलांचा मान त्याला मिळाला. कोच रने जिरार. बोलण्यात गोडवा शून्य, पण संघ चोख बांधलेला.

फेब्रुवारीत पॅरिसला सामना झाला. पीएसजीनं पहिला गोल केला, मग आमचा बेलांदा, मग आमचाच उताका, आणि शेवटच्या दोन-तीन मिनिटांत पीएसजीच्या ओआरोनं बरोबरी साधली. 2-2. दुकानात सात-आठ जण होतो. कुणीच ओरडलं नाही. दुकानदार फक्त इतकंच म्हणाला, "म्हणजे हे घाबरतात तर." त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी 'चॅम्पियन' हा शब्द काढला आणि लगेच त्याला गप्प केलं. नजर लागायची भीती सगळीकडं सारखीच.

13 मे 2012. शेवटून दुसरा सामना, घरच्या मैदानावर, समोर लील, म्हणजे आदल्या वर्षीचे चॅम्पियन. त्यांच्याकडं एडन हजार. मला तिकीट दुकानदारानं दिलं. त्याच्या मेव्हण्याला ऐन वेळी कामावर जावं लागलं होतं. निळी ट्राम इतकी भरलेली की माझे पाय एक स्टॉप हवेत होते. सामना मात्र कंटाळवाणा, खरंच. नव्वद मिनिटं दोन्ही बाजू एकमेकांना अडवत बसलेल्या. जिंकलो नसतो तर शेवटच्या दिवशी सगळंच अवघड झालं असतं. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी ऐंशीव्या मिनिटाला मैदानाकडं पाठ केली आणि तसेच उभे राहिले. त्यांना बघवत नव्हतं. ते आमच्या तोंडाकडं बघून सामना समजून घेत होते.

इंज्युरी टाइमचं चौथं मिनिट. जिरूनं डिफेंडर अंगावर घेऊन कशीबशी जागा काढली, चेंडू आत सोडला आणि बदली आलेल्या आयत-फानानं तो जाळ्यात ढकलला. हा गोल मी नीट बघितलाच नाही. मी त्या आजोबांकडं बघत होतो. आमचे चेहरे बदलताना त्यांना दिसले, आणि मागं न वळताच त्यांनी दोन्ही हात वर केले.

मग 20 मे. शेवटची फेरी, सगळे सामने एकाच वेळी, रात्री नऊला. आम्हाला बरोबरी पुरेशी होती. सामना कुठं? ओसेरला. नाव लिहितात तसं नाही, मधला एक्स 'स' होतो. बर्गंडीतलं छोटंसं गाव, पण क्लब 1980 पासून सलग वरच्या श्रेणीत. गी रू नावाच्या कोचनं चाळीसेक वर्षं सांभाळून त्याला 1996 मध्ये फ्रान्सचं चॅम्पियन केलेलं. आदल्याच वर्षी चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांची स्पर्धा, खेळलेला. स्टेडियमला नाव एका पाद्र्याचं, कारण क्लब काढला तोच पाद्र्यानं, 1905 मध्ये. आणि तो ओसेर त्या रात्रीच्या आधीच खालच्या श्रेणीत गेलेला होता. 32 वर्षांचा मुक्काम संपलेला.

पहिला गोल ओसेरचाच, कापोचा. उताकानं अर्ध्या तासानंतर बरोबरी केली. आणि मग ओसेरच्या प्रेक्षकांचा बांध फुटला. त्यांनी सामना बंद पाडायचाच घाट घातला होता. मैदानात टेनिसचे चेंडू आले, टॉयलेट पेपरची भेंडोळी आली, पेटत्या नळकांड्या आल्या. रेफरीनं खेळाडू आत नेले. परत आणले. परत नेले. दुकानात आम्ही घामाघूम. तिकडं लोरियांमध्ये पीएसजी 2-1 नं जिंकून, सामना संपवून, अंघोळी करून बसलेला, आणि आमचा अजून चालूच. 76 व्या मिनिटाला उताकाचा दुसरा गोल झाला तेव्हा दुकानातल्या एकानं खजुराचा खोका उधळला. मी टेनिस चेंडू टाकणाऱ्या ओसेरकरांना मराठीत शिव्या घालत होतो. दुकानदारानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "त्यांना नको. त्यांच्या घरात मयत झालीय."

त्यानं हे उगाच म्हटलं नव्हतं. 2000 आणि 2004, दोन्ही वेळा मोंपेलिए खाली गेला तेव्हा तो स्टँडमध्ये होता.

मध्यरात्रीच्या सुमारास शिट्टी वाजली. 2-1. 82 गुण, पीएसजीचे 79. क्लबच्या इतिहासातलं पहिलं लीग विजेतेपद. त्या रात्री ट्रामची वाट बघण्यात अर्थ नव्हता; आम्ही चालतच प्लास द ला कोमेदी या चौकात पोचलो. फटाके, हॉर्न, कारंज्यात उतरलेली पोरं. निकोलाँनं जिंकलो तर डोक्यावर तुरा राखीन असा शब्द दिला होता. दिलेला शब्द त्यानं पाळला: 68 वर्षांचा तो अवाढव्य माणूस निळ्या-नारिंगी तुऱ्यानिशी लोकांसमोर आला. हा मफलर त्याच रात्रीचा. एका अनोळखी पोरानं माझ्या गळ्यात घातला आणि गर्दीत निघून गेला. परत मागायला आलाच नाही.

पुढचं थोडक्यात. जिरू त्याच उन्हाळ्यात आर्सेनलला गेला. पुढं वर्ल्ड कप जिंकला आणि 2022 मध्ये फ्रान्सचा तोवरचा सर्वाधिक गोल करणारा ठरला. बाकीची पोरंही एकेक करून विकली गेली. चॅम्पियन्स लीगमध्ये आम्ही एकही सामना जिंकलो नाही. निकोलाँ 2017 मध्ये स्वतःच्या 74 व्या वाढदिवशीच गेला. आणि विजेतेपदाचं म्हणाल तर माझ्या दाताच्या डॉक्टरांचं बरोबर आहे: 2013 ते 2025 या तेरा सीझनपैकी अकरा पीएसजीचे. मोनॅको आणि लील, एकेक अपवाद. पहिल्या नंबरसाठीच बघायचं असेल तर कशाला जागायचं?

पण मी ओसेरवाल्यांची ती रात्र विसरू शकलो नाही. आनंद माझा होता, तरी नंतर डोळ्यांपुढं यायचा तो टेनिसचा चेंडू. कुणीतरी तो घरातनं खिशात घालून आणला असणार. जेवून, कपडे करून, चेंडू खिशात टाकून बायकोला सांगून निघाला असणार. 32 वर्षांत बापाबरोबर, पोराबरोबर बघितलेले सामने, आणि शेवटच्या दिवशी खिशात तो चेंडू. तेव्हापासून मी टेबल खालनं वर वाचतो. बॉर्दोसारखा 2009 चा चॅम्पियन 2024 मध्ये कर्जापायी थेट चौथ्या श्रेणीत गेला, हे मला पीएसजीच्या कपांपेक्षा जास्त दिवस पुरलं.

16 मार्च 2025, रविवार. कोल्हापुरात रात्री जेवणं उरकून मी मोबाइलवर सामना लावला. मोंपेलिए शेवटच्या नंबरवर, समोर सेंतेतिएन, 0-2 नं मागं. आणि मोसोंचा तो स्टँड, आजोबा पाठ करून उभे राहिलेले तेच स्टेडियम, धुरानं भरलेला. नळकांड्या मैदानात येत होत्या, स्टँडमध्ये आग दिसत होती. रेफरीनं खेळाडू आत नेले. या वेळी परत आणलेच नाहीत. सामना अर्धवट राहिला. त्या सीझनअखेर आम्ही सोळा वर्षांनी खाली गेलो. वर राहिलेल्या संघांत, टेबलाच्या मधोमध, होता ओसेर.

मी दुकानदाराला फोन लावला. दुकान आता त्याचा पुतण्या बघतो. म्हातारा म्हणाला, "टीव्ही बंद केला. तूही कर." मी केला नाही.

आता आमचे सामने दुसऱ्या श्रेणीत, पुष्कळदा तिथल्या रात्री आठला. हिवाळ्यात म्हणजे आपल्याकडं साडेबारा. बायको झोपलेली असते, मी स्वयंपाकघरात दिवा न लावता बसतो. परवा शेजारचा तो बारावीतला पोरगा अभ्यास टाळायला आला होता, अंगात पीएसजीची जर्सी. पाऊण तास बघत बसला. गोल नाही, गोलाची चाहूलही नाही.

"काका, असंच संपलं तर काय करता?"

"कप धुतो आणि झोपतो," मी म्हणालो. "ओसेर काय करतोय ते बघ जरा तुझ्या फोनवर."