नावाडी गप्प बसला तर?

"ये देखिए हाथी! और उधर गाय का मुँह!"

जबलपूरजवळच्या भेडाघाटला नर्मदेच्या मधोमध नावाडी वल्हं थांबवून संगमरवरी कड्यांतल्या आकारांकडे बोट दाखवतो आणि अख्खी नाव एका बाजूला कलते. शेजारच्या काकू हैराण. "अहो, सोंड कुठली त्यात?"

यमकं जुळवत त्याची कॉमेंट्री अखंड चालू. सिनेमाचं शूटिंग कुठे झालं, तेही आलंच. मला खरं तर वैताग आला होता. शेवटी विचारलं, रोज तेच बोलून कंटाळा नाही येत?

"चुप रहूँ तो लोग कहते हैं, कुछ दिखाया ही नहीं।"

हे काही डोक्यातून जात नाहीये. दोन्ही बाजूंना 100 फुटांच्या आसपास उंच संगमरवर, मधून काळपट-हिरव्या शिरा गेलेल्या. मूळची चुनखडी, पृथ्वीच्या पोटात तापून-दबून अशी झाली आणि मग नर्मदेने ती कापत नेली. 'बंदरकूदनी'ला तर कडे इतके जवळ येतात की पूर्वी माकडं पलीकडे उडी मारायची म्हणे. एवढं समोर असताना आम्हाला हत्ती लागतो!

तरी काकूंना सोंड सापडली तेव्हा त्यांनी मारलेली टाळी... तीही खोटी नव्हती.

तुम्हाला कसा गाइड आवडतो, बोलका की गप्प?