एकोणीस टक्के

सिलिंडर संपत आला की आईला आपोआप कळायचं. ज्योत जरा तांबूस झाली की ती सिलिंडर एका हाताने किंचित तिरका करून अदमास घ्यायची आणि म्हणायची, "परवा सकाळचा चहा होईल, पोळ्या नाही व्हायच्या." परवा सकाळी चहा व्हायचा आणि पोळ्या अर्ध्यावर राहायच्या.

माझ्या फोनवर तर चक्क आकडा असतो, आणि त्या आकड्यावर काडीचा भरवसा नाही. गेल्या आठवड्यात रिक्षाचे पैसे द्यायला कोड स्कॅन करायला गेले, तेव्हा 19 टक्के दिसत होते. कॅमेरा उघडला आणि फोन मेला. रिक्षावाल्याने मीटर पाहिला, मग माझ्याकडे, मग आभाळाकडे. पर्सच्या तळातून दहाची नाणी आणि एक चिकटलेली गोळी निघाली. त्यावर कसंबसं निभावलं.

"बॅटरी म्हातारी झालीय, मॅडम," दुरुस्तीवाला पोरगा म्हणाला. "कॅमेरा एकदम जास्त करंट मागतो. तिला तेवढा दम निघत नाही, व्होल्टेज पडतं, फोन बंद. टक्के म्हणजे नुसता अंदाज असतो. आणि गरम होऊ देऊ नका, उष्णतेनं लवकर जाते."

तीन वर्षांत म्हातारी! लिथियम-आयन बॅटरीच्या कामासाठी 2019चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यांतले जॉन गुडइनफ तेव्हा 97 वर्षांचे होते. जन्मदाते असे खणखणीत आणि लेकरू तिसऱ्या वर्षी धापा टाकतंय.

नवी बॅटरी टाकायची तर खर्च, म्हणून मी काटकसरीला लागले. स्क्रीनचा उजेड इतका कमी केला की उन्हात मेसेज वाचायला पदर डोक्यावर घ्यावा तशी ओढणी घेते. लोकेशन बंद, ब्लूटूथ बंद. मागे उघडी राहिलेली अ‍ॅप्स बोटाने वर सरकवून उडवायचा नादही लागला होता. त्याने काही वाचत नाही, उलट तीच अ‍ॅप्स पुन्हा पहिल्यापासून उघडताना जास्त खातात, हे नंतर कळलं. पण हात अजून शिवशिवतो.

खरी परीक्षा कोकण रेल्वेत. दादरहून रात्री निघाले तेव्हा 61 टक्के. चार्जिंगचा पॉइंट खिडकीशी, तिथे एक काका. पॉइंट इतका सैल की त्यांनी चार्जरखाली वर्तमानपत्राची घडी कोंबून तो टेकवला होता. "काका, तुमचं झालं की माझा लावाल का?" "लावतो की," म्हणाले आणि घोरायला लागले. रात्री 11 ते पहाटे 5 ते पॉइंट तसेही बंद ठेवतात, आगीच्या भीतीने. म्हणजे काकांचाही फोन उपाशीच होता, फक्त त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यात बोगदे. रेंज गेली की फोन टॉवर शोधत जास्त जोर लावतो आणि बॅटरी पितो. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुड्याचा बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा. त्यात गाडी शिरली तेव्हा 13 टक्के होते. मी घाईघाईने फ्लाइट मोड लावला. रेल्वेत बसून, डोंगराच्या पोटात, फ्लाइट मोड.

पहाटे घरी पोचले तेव्हा 7 टक्के शिल्लक. चहाही न घेता आधी फोन चार्जिंगला लावला, उशाशी ठेवला आणि आडवी झाले. दोन तासांनी उठून बघते तर 9. पिन नीट, केबल नीट. भिंतीवरच्या बोर्डाचं बटण मात्र बंद.

"मीच बंद केलं," आई ओट्याजवळूनच म्हणाली. "हाताला गरम लागला तो."