ओमाराची गाणी: सातव्या महिन्याची नोंद

तर तिसरं गाणं बसलं एकदाचं. म्हणजे अगदी घट्ट नाही बसलं, शेवटच्या कडव्यात श्वास अजून अर्ध्यातच संपतो, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत न थांबता म्हणता येतंय, आणि कीबोर्डवर साथ करणारा मित्र पहिल्यांदाच मधे न थांबवता वाजवत राहिला.

नवीन कोणी वाचत असेल तर थोडक्यात सांगतो. जोसेफ ओमारा नावाचा आयरिश टेनर, म्हणजे पुरुषांतल्या उंच आवाजाचा ऑपेरा गायक होता, जन्म 16 जुलै 1864, गाव लिमरिक, घरचा धंदा डुकराच्या मांसाचा, बेकनचा. तो मिलानला जाऊन गाणं शिकला आणि 1891 साली वयाच्या सव्विसाव्या वर्षी लंडनच्या स्टेजवर उभा राहिला तो थेट मुख्य भूमिकेत. मी ठरवलंय की त्याच्या करिअरमधली गाणी एकेक करून स्वतः गळ्यावर चढवायची, वाचून नाही तर गाऊन समजून घ्यायचा हा माणूस. मी मूळचा नाट्यगीतं म्हणणारा, तेव्हा व्होकल स्कोर, म्हणजे गाण्याचं पाश्चात्य स्वरलिपीतलं पुस्तक, वाचायला शिकण्यातच पहिले दोन महिने गेले.

आधी रेकॉर्ड ऐकून मग का नाही गात असं एकाने विचारलं होतं. तो काळ अकूस्टिक रेकॉर्डिंगचा, भोंग्यासमोर तोंड करून गायचं, माइक नाही काही नाही, त्यात आवाजाचा कणा तेवढा उरतो, बाकी अंगाखांद्याचं मांस गळून जातं. मला आधी गाणं स्वतःच्या छातीत कसं बसतं ते बघायचंय, मग त्या रेकॉर्ड ऐकेन.

पहिलं गाणं 'द बोहेमियन गर्ल'मधलं, त्यातल्या थॅडियस या पात्राचं 'देन यू'ल रिमेंबर मी'. संगीतकार डब्लिनचा बाल्फ, ऑपेरा 1843 चा, लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरला पहिला प्रयोग. दुसरं वॉटरफर्डच्या वॉलेसच्या 'मॅरिटाना'मधलं (1845, तेच थिएटर), डॉन सीझरचं 'येस, लेट मी लाइक अ सोल्जर फॉल', ते एकदम वीरश्रीचं, दोन आठवड्यात झालं कारण तिथे जोर लावला की भागतं. आणि हे तिसरं 'आयली मॅव्हुर्नीन', बेनेडिक्टच्या 'द लिली ऑफ किलार्नी'मधलं, 1862. या तीन ऑपेरांना मिळून तिकडे 'आयरिश रिंग' म्हणतात, जर्मन संगीतकार वाग्नरच्या 'रिंग' या ऑपेरामालिकेवरून पडलेलं नाव. बेनेडिक्ट मात्र आयरिश नव्हता, जर्मनीतल्या श्टुटगार्टचा.

या गाण्याने मला रडवलं, दोन्ही अर्थांनी. गोष्ट अशी की श्रीमंत घरातला हार्ड्रेस आयली नावाच्या एका गरीब मुलीशी गुपचूप लग्न करतो आणि मग ते लग्नच त्याच्या गळ्यात अडकतं. ऑपेरात शेवट गोड केलाय. पण मूळ घटना खरी, 1819 साली लिमरिकजवळ शॅनन नदीत एलन हॅनली नावाच्या कोवळ्या पोरीचा खून झाला होता, त्यावरून कादंबरी, कादंबरीवरून नाटक, नाटकावरून हा ऑपेरा. ओमारा त्याच लिमरिकचा, त्याच नदीकाठचा. खुनानंतर पंचेचाळीस वर्षांनी जन्मलेला पोरगा, त्याच्या लहानपणी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ती गोष्ट माहीत असणारच ना. हे लक्षात आल्यावर मी तीन दिवस ते गाणं म्हणूच शकलो नाही.

ओमारा नावाजला गेला तो मात्र यातल्या माइल्सच्या भूमिकेत. माइल्स म्हणजे त्या मुलीवर मनापासून प्रेम करणारा गावरान गडी, तोही टेनरच. एकाच ऑपेरात दोन टेनर, एक सभ्य घरातला आणि एक रांगडा, आणि हा माणूस रांगड्यात शोभला. मला वाटतं त्याच्या करिअरची किल्ली इथेच आहे, नुसता वरचा सूर लावून टाळ्या घेणारा हा गायक नव्हे, हा नट होता आणि शब्द पोचवणारा होता. ही गाणी वाजवून बघा, बरीचशी वस्ती मधल्या सप्तकात आहे, वरचे स्वर मोजके. सगळा खेळ शब्दांचा.

आणि शब्दातच माझी गोची. आपला ट आणि ड जीभ मागे वळवून येतो, इंग्रजीतला तसा नाही, त्यामुळे प्रत्येक ट ला माझी ओळ तुटत होती, गुळगुळीत चालणारी बैलगाडी दर दहा फुटांवर दगडाला अडखळावी तशी. उपाय सापडला तो असा की आधी फक्त स्वरांवर, आ ए ई ओ, आख्खी चाल म्हणायची आणि मग व्यंजनं हळूच आत सोडायची, जीभ दातांच्या मागच्या हिरडीला जेमतेम टेकवून. पाच आठवडे लागले.

दुसरी अडचण मींड. सवयीने प्रत्येक दोन स्वरांच्या मधे घसरतो मी. मित्र म्हणाला सरळ ठेव, पट्टीवर पाय ठेवल्यासारखा. मी महिनाभर सगळी मींड खरवडून काढली आणि गाणं कोरडं ठक्क झालं. मग वाचनात आलं की एकोणिसाव्या शतकातले गायक पोर्टामेंटो, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर आवाज ओढत नेणं, भरपूर वापरायचे, ते पुसून टाकलंय विसाव्या शतकाने. मला इतका आनंद झाला!! आता कडव्यात दोनच जागी मींड ठेवलीये, आणि त्या दोन जागा ऐकून घरातले पण थांबतात.

पट्टीचा एक प्रयोग पण केला. 1891 साली इंग्लंडातल्या कॉन्सर्टमध्ये अजून जुनी उंच पट्टी चालू होती, ए हा सूर म्हणजे सेकंदाला साधारण 452 कंपनं, आजच्या 440 पेक्षा जवळजवळ अर्धा सेमीटोन (सेमीटोन म्हणजे कीबोर्डवरच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर) वर. 1895 च्या सुमारास ती उतरवली, हेन्री वुड या वाद्यवृंद संचालकाने लंडनमध्ये प्रोम्स नावाच्या मैफली सुरू केल्या त्याच खालच्या पट्टीत. मी कीबोर्डचं ट्यूनिंग 452 करून सोल्जरचं गाणं म्हटलं आणि शेवटी घसा धरला. कागदावर फरक एवढासा दिसतो, गळ्याला विचारा. मी तर गाणी दोन सेमीटोन खाली उतरवून म्हणतो एरवी.

आता करिअरबद्दल या महिन्यात जुळलेली माहिती. ती पहिली भूमिका म्हणजे संगीतकार सलिव्हनच्या 'आयव्हॅनहो' ऑपेरातली, डॉयली कार्ट या निर्मात्याने त्यासाठी लंडनच्या केंब्रिज सर्कस चौकात नवं थिएटर बांधलं, आज त्याला पॅलेस थिएटर म्हणतात. 31 जानेवारी 1891 ला पहिल्या रात्री बेन डेव्हिस गायला. पण कार्टला रोज रात्री ऑपेरा लावायचा होता, नाटकासारखा, आणि एवढी मोठी भूमिका रोज गाऊन कुठल्याही टेनरचा गळा टिकणार नाही, म्हणून दोन-दोन संच तयार ठेवले. ओमारा त्या दुसऱ्या संचातून आला. दीडशेच्या वर प्रयोग झाले. मग 1896 मध्ये स्टॅनफर्डचा 'शेमस ओब्रायन' हा ऑपेरा, तिथे नायक बॅरिटोन, म्हणजे टेनरपेक्षा खालच्या आवाजाचा, आणि आपला टेनर ओमारा चक्क खबऱ्या माइक मर्फी, खलनायक. आयर्लंडमधल्या 1798 च्या बंडानंतरची गोष्ट, वाद्यवृंद तोच हेन्री वुड सांभाळत होता.

पुढे 1902 पासून मूडी-मॅनर्स या फिरत्या ऑपेरा कंपनीबरोबर दौरे, गावोगाव, सगळं इंग्रजीत, आणि 1912 ला स्वतःची ओमारा ऑपेरा कंपनी. आपल्याकडे त्याच्या पुढच्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळी निघाली, गायक नटानेच कंपनी ओढायची, बिऱ्हाड घेऊन फिरायचं, ती ओढाताण आपल्याला वेगळी सांगायला नको. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी हा खटाटोप सुरू केला त्याने, मग महायुद्ध आलं, आयर्लंड पेटलं, तरी कंपनी विसाच्या दशकात शिरली. 5 ऑगस्ट 1927 ला डब्लिनमध्ये गेला.

पुढच्या महिन्यासाठी 'द मून हॅथ रेज्ड हर लँप अबव्ह' काढलंय, 'लिली ऑफ किलार्नी'मधलंच, हार्ड्रेस आणि डॅनी मान या दोन पात्रांचं, टेनर आणि बॅरिटोनने मिळून गायचं. टेनरचा भाग मी आत्ताच म्हणायला लागलोय, सोपा वाटतोय पण डोलत्या लयीत दुसऱ्या आवाजाखाली दबला जातो. खालचा आवाज हवाय. पुण्यात किंवा आसपास कोणी बॅरिटोन असेल, स्कोर वाचता नाही आला तरी चालेल, कानाने बसवू, रविवारी सकाळी दोन तास काढता आले तर सांगा.