लक्ष्मीची वेलांटी

पतसंस्थेच्या वार्षिक सभेसाठी सभासदांची यादी यंदा पहिल्यांदाच मराठीत छापायची होती. प्रोग्रॅम सी भाषेतला, जुना. इंग्रजी नावांवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेला. मराठी नावं भरली, गठ्ठा छापून पाठवला. संध्याकाळी संस्थेतल्या बाई यादी घेऊन स्वतः आल्या. ठेवींच्या रकमा पानभर नागमोडी झालेल्या. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "आजी विचारतायत, माझ्या नावाचं काय केलंत?" 'लक्ष्म' आणि पुढे चौकोन. वेलांटी गायब.

नावाच्या कॉलमला प्रिंटएफमध्ये, म्हणजे सीच्या छापायच्या फंक्शनमध्ये, टक्का, वजा २०, टिंब २०, एस असा फॉरमॅट होता. म्हणजे डावीकडे लाव, २० पर्यंत स्पेस भर, त्यापुढचं काप. पण हे २० म्हणजे अक्षरं नव्हेत, बाइट. यूटीएफ-८मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं. ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, वेलांटी: ७ चिन्हं, २१ बाइट. कात्री नेमकी वेलांटीच्या शेवटच्या बाइटवर चालली. 'ज्ञानेश्वर'चा तर 'ज्ञाने' उरला होता. 'उमा'चे ९ बाइट, म्हणून पुढे ११ स्पेस. 'सविता'चे १५, म्हणून ५. रकमा सरळ येणार कशा?

आमचे सीनियर म्हणाले, "२० चे ६० कर." नावं कापली गेली नसती, पण रांग वाकडीच राहिली असती. आकडा वाढवून प्रश्न पुढे ढकलायची ही सवय मला मनापासून खटकते.

रात्री बसलो. टिंब २० काढलं, स्पेस स्वतः मोजून, फॉरमॅटमध्ये आकड्याच्या जागी तारांकन (*) टाकून द्यायला घेतल्या. चिन्ह किती रकाने व्यापतं ते सांगणारं डब्ल्यूसीविड्थ हे फंक्शन हलन्ताला आणि उकाराला शून्य धरतं, तेवढं बरं झालं. पण 'क्ष्मी' फॉन्टमध्ये किती रुंद उमटेल हे त्याला कळायला मार्गच नाही. तीन तास त्यातच गेले. शेवटी स्पेसचा नाद सोडला, सीमधूनच एचटीएमएलचं टेबल लिहिलं आणि ब्राउझरमधून छापलं. रकमा उजव्या कडेला एका रेषेत आल्या. सकाळी बाईंनी आधी आजींचंच पान उघडलं.

मला मात्र दुसरंच सलतंय. टेस्टिंगला मी मराठी नावं घातली होती: उमा, राम, सविता. सगळी २० बाइटांच्या आतली. रकमा तेव्हाही वाकड्या दिसल्या होत्या, आणि मी ते फॉन्टवर ढकलून पुढे गेलो होतो.